गणित हाताळायला शिकवणाऱ्या डॉ. मारिया मॉन्टेसरी आणि त्यांचे मद्रास पर्व

दुसरे महायुद्ध सुरू होऊन दोन महिने झाले होते. नोव्हेंबर १९३९ मध्ये ६९ वर्षांच्या एक इटालियन विदुषी मद्रासमध्ये दाखल झाल्या. थिऑसॉफिकल सोसायटीचे तत्कालीन अध्यक्ष जॉर्ज अरुंडेल आणि त्यांच्या पत्नी, नृत्यांगना रुक्मिणीदेवी यांनी त्यांना शिक्षकांचा प्रशिक्षण वर्ग घेण्यासाठी आमंत्रित केले होते. काही महिन्यांचा मुक्काम आणि नंतर युरोपला परत, असा बेत होता. प्रत्यक्षात हा मुक्काम जवळजवळ सात वर्षे लांबला. या काळात भारत आणि श्रीलंकेतील हजाराहून अधिक शिक्षकांनी त्यांच्याकडून प्रशिक्षण घेतले. गणित आणि विज्ञान हे दोन स्वतंत्र विषय नसून मुलाला भोवतालचे जग समजून घेण्यासाठी लागणारी एकच दृष्टी आहे, हा विचारही याच काळात त्यांच्या अभ्यासक्रमात पूर्ण आकाराला आला.

या विदुषी म्हणजे डॉ. मारिया मॉन्टेसरी. महाराष्ट्रात बालवाडीला सर्रास मॉन्टेसरी म्हटले जाते. परंतु हे एका व्यक्तीचे आडनाव आहे आणि त्या व्यक्तीने आपल्या आयुष्याचा मोठा भाग मुलांना शिकवण्यापेक्षा शिक्षकांना घडवण्यात खर्च केला, याची जाणीव फार थोड्यांना असते.

अभियंता होण्याची इच्छा

मारिया यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील अँकोना शहराजवळच्या किआराव्हाले या गावी झाला. वडील अलेस्सांद्रो सरकारी नोकरीत होते. आई रेनिल्दे वाचनाची आवड असलेल्या आणि मुलीच्या शिक्षणाला पाठिंबा देणाऱ्या होत्या. मारिया पाच वर्षांच्या असताना हे कुटुंब रोम येथे स्थायिक झाले.

त्या काळी मुलींनी फार तर शिक्षिका व्हावे, अशी समाजाची अपेक्षा होती. मारिया यांना नेमके तेच नको होते. त्यांना गणिताची ओढ होती आणि अभियंता व्हायचे होते. त्यामुळे वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी मुलग्यांसाठी मानल्या जाणाऱ्या तांत्रिक शाळेत प्रवेश घेतला. पुढे तांत्रिक संस्थेत बीजगणित, भूमिती, पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र या विषयांचा अभ्यास करून १८९० साली त्या उत्तीर्ण झाल्या. नंतर त्यांनी रोम विद्यापीठात निसर्गविज्ञानाची पदविका मिळवली आणि १८९३ साली वैद्यकीय शाखेत प्रवेश केला. पुरुष विद्यार्थ्यांसमवेत शवविच्छेदन करणे स्त्रीला अशोभनीय मानले जात असल्याने त्यांना ते काम वर्ग संपल्यानंतर एकटीने करावे लागे. १८९६ साली त्या डॉक्टर झाल्या. इटलीतील अगदी पहिल्या काही महिला डॉक्टरांमध्ये त्यांची गणना होते. त्याच वर्षी बर्लिन येथे भरलेल्या महिलांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी इटलीचे प्रतिनिधित्व केले आणि समान कामासाठी समान वेतनाची मागणी मांडली.

या शिक्षणक्रमाचा उल्लेख सविस्तर करण्याचे कारण असे की, पुढे मुलांसाठी साधने तयार करताना त्यांच्यासमोर शिक्षणशास्त्राची पाठ्यपुस्तके नव्हती. अभियांत्रिकीची ओढ, गणिताची शिस्त, निसर्गविज्ञानातील वर्गीकरण आणि वैद्यकातील निरीक्षण या चार गोष्टींतून त्यांची पद्धत उभी राहिली.

पहिला प्रशिक्षण वर्ग

पदवीनंतर त्या रोम विद्यापीठाच्या मानसोपचार विभागात काम करू लागल्या. मतिमंद म्हणून वेगळ्या ठेवलेल्या मुलांशी त्यांचा संबंध तेथे आला. या मुलांना औषधांपेक्षा शिक्षणाची गरज अधिक आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि इतार व सेगँ या फ्रेंच वैद्यांच्या ग्रंथांचा बारकाईने अभ्यास केला. १९०० साली अशा मुलांच्या शिक्षकांसाठी रोम येथे एक प्रशिक्षण संस्था सुरू झाली. तिचे संचालकपद मारिया आणि त्यांचे सहकारी डॉ. जुझेप्पे मोन्तेसानो यांच्याकडे सोपवण्यात आले. पहिल्या तुकडीत ६४ शिक्षक होते. या संस्थेत शिकलेली काही मुले सर्वसामान्य मुलांसाठीच्या वाचन-लेखनाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली. या यशाचे सर्वत्र कौतुक झाले, तेव्हा मारिया मात्र वेगळ्या प्रश्नाने अस्वस्थ झाल्या. ही मुले जर इतकी पुढे जाऊ शकतात, तर निरोगी मुलांना आपल्या शाळा इतक्या मागे का ठेवतात, असा तो प्रश्न होता.

याच काळातील एक वैयक्तिक दुःख त्यांनी दीर्घकाळ जगापासून लपवून ठेवले. ३१ मार्च १८९८ रोजी त्यांना मुलगा झाला. त्याचे वडील डॉ. मोन्तेसानो होते, मात्र दोघांचा विवाह झाला नाही. अविवाहित मातृत्व उघड झाले असते तर त्यांचे व्यावसायिक आयुष्य तेथेच संपले असते. मारिओ नावाच्या या मुलाला खेड्यातील एका कुटुंबाकडे वाढवण्यास देण्यात आले. जगभरच्या मुलांविषयी बोलणाऱ्या या स्त्रीला स्वतःच्या मुलाला दुरूनच भेटावे लागत होते. १९१२ च्या डिसेंबरमध्ये त्यांच्या आईचे निधन झाले आणि त्यानंतर सुमारे पंधरा वर्षांचा मारिओ त्यांच्याकडे राहावयास आला. पुढे तोच त्यांचा सर्वांत जवळचा सहकारी ठरला.

सान लोरेन्झोतील घर

६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या कामगार वस्तीत पहिले बालगृह सुरू झाले. आईवडील दिवसभर कामावर गेल्यानंतर चाळींतील लहान मुले जिन्यांवर आणि भिंतींवर धुमाकूळ घालत असत. इमारतींचे मालक असलेल्या संस्थेला मुलांना एका खोलीत सांभाळणारी व्यवस्था हवी होती. त्यासाठी मारिया यांना पाचारण करण्यात आले. साधारण ५० ते ६० मुले जमली. पूर्ण पात्रतेचा शिक्षक नेमण्याइतका निधी नव्हता. त्यामुळे इमारतीच्या रखवालदाराच्या मुलीकडे वर्ग सोपवण्यात आला.

मारिया यांनी या मुलांसमोर आपली साधने ठेवली आणि त्या निरीक्षण करू लागल्या. मुले एकच कृती पुन्हा पुन्हा करतात, हाताने केलेले काम मन लावून करतात, बक्षिसाची त्यांना फारशी गरज भासत नाही आणि योग्य वेळी योग्य वस्तू मिळाली तर ती लिहिण्या-वाचण्याकडे स्वतःहून वळतात, असे त्यांना आढळले. दोन वर्षांतच या बालगृहाची ख्याती युरोपभर पसरली.

१९०९ साली चित्ता दी कास्तेल्लो या गावी त्यांनी शिक्षकांसाठी आपल्या पद्धतीचा पहिला प्रशिक्षण वर्ग घेतला. सुमारे १०० जण त्यास उपस्थित होते. याच वर्षी त्यांचा पद्धतीविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९१२ साली त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले आणि १९१३ साली रोम येथे पहिला आंतरराष्ट्रीय वर्ग भरला. विद्यापीठातील अध्यापन आणि वैद्यकीय व्यवसाय सोडून देऊन त्यांनी शिक्षक प्रशिक्षणालाच वाहून घेतले. यापुढे हे वर्ग आणि ग्रंथ हेच त्यांच्या उपजीविकेचे साधन राहिले.

वस्तूंतून गणित, गणितातून निसर्ग

त्यांच्या पद्धतीत गणिताची सुरुवात अंक घोकण्याने होत नाही. ती हाताला जाणवणाऱ्या फरकातून होते. गुलाबी मनोऱ्यातील दहा ठोकळ्यांत सर्वांत लहान ठोकळ्याची बाजू १ सेंटीमीटर आणि सर्वांत मोठ्याची १० सेंटीमीटर असते. तीन वर्षांचे मूल ते एकावर एक रचते, तेव्हा त्याला आकार लहान-मोठा असल्याचे कळते. सर्वांत मोठ्या ठोकळ्याचे घनफळ सर्वांत लहान ठोकळ्याच्या १००० पट आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. परंतु पुढे दशमान पद्धती समोर येते, तेव्हा हाताला तिची ओळख आधीच झालेली असते.

सोनेरी मण्यांचेही तसेच आहे. एक सुटा मणी म्हणजे एकक, तारेत ओवलेले दहा मणी म्हणजे दशक, अशा दहा तारा जोडून झालेला चौरस म्हणजे शतक आणि दहा चौरसांचा घन म्हणजे सहस्र. एक हजार ही संख्या मुलाला तळहातावर पेलून पाहता येते आणि तिचे वजनही कळते. या मण्यांच्या साह्याने पाच-सहा वर्षांची मुले चार अंकी बेरजा करतात; हातचा घेणे म्हणजे दहा सुटे मणी देऊन एक तार घेणे, हे त्यांना दिसते.

द्विपदी घन हे साधन याहून सूचक आहे. आठ रंगीत तुकडे जुळवून एक घन तयार करावयाचा, एवढाच लहान मुलासाठी तो खेळ असतो. अनेक वर्षांनी बीजगणिताच्या तासाला दोन पदांच्या बेरजेचा घन करण्याचे सूत्र समोर येते, तेव्हा त्यातील प्रत्येक पद म्हणजे त्या खेळण्यातील तुकडे असल्याचे विद्यार्थ्याच्या लक्षात येते.

विज्ञानाची सांगडही येथेच घातली जाते. भूमितीच्या आकृत्यांच्या खणांशेजारी झाडांच्या पानांच्या आकारांचे खण असतात. त्रिकोण, वर्तुळ आणि लंबवर्तुळ यांच्या कडांवरून फिरलेले बोट नंतर हृदयाकृती आणि भाल्याच्या पात्यासारख्या पानांच्या कडांवरून फिरते. बागेत जाऊन तशी पाने शोधण्याचे काम मग मूल स्वतःच करते. मोजणे, तुलना करणे, क्रम लावणे आणि वर्ग पाडणे या कृती गणितात लागतात, तशाच विज्ञानातही. मॉन्टेसरी यांनी दोन्ही विषय तासांच्या भिंती घालून वेगळे केले नाहीत.

मात्र हे सर्व शिक्षकाला आधी स्वतः करून पाहावे लागे. त्यांच्या प्रशिक्षणात व्याख्यानांइतकाच वेळ साधने हाताळण्यासाठी आणि मुलांचे मूक निरीक्षण करण्यासाठी दिला जाई. प्रत्येक प्रशिक्षणार्थीला सर्व साधनांची आकृत्यांसह स्वतःची हस्तलिखित वही तयार करावी लागे. शेवटी लेखी आणि तोंडी परीक्षा होत असे. ज्या शिक्षकाला स्वतःला गणिताची धास्ती वाटते, तो ती धास्ती नकळत वर्गाच्या हाती सोपवतो. या साखळीचा पहिला दुवा शिक्षकापाशी तोडावा, हे या प्रशिक्षणाचे मर्म होते. १९३४ साली बार्सिलोना येथे अंकगणित आणि भूमितीच्या अध्यापनावर त्यांचे दोन स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध झाले.

राजकारणाशी गाठ

मॉन्टेसरी यांच्या आयुष्याचा हा भाग त्यांच्या चाहत्यांनाही अडचणीचा वाटतो. १९२४ पासून मुसोलिनी यांच्या सरकारने त्यांच्या शाळांना आणि प्रशिक्षणाला आश्रय दिला आणि त्यांनी तो स्वीकारला. आपले कार्य राजकारणापासून अलिप्त राहू शकते, असे त्यांना वाटत असावे. परंतु स्वतंत्रपणे विचार करणारी मुले आणि आज्ञाधारक सैनिक मागणारी राजवट यांचे फार काळ जमणे शक्य नव्हते. १९३० च्या दशकाच्या प्रारंभी मतभेद तीव्र झाले, १९३४ साली त्यांनी इटली सोडली आणि तेथील त्यांच्या शाळा बंद झाल्या. नाझी जर्मनीतही तेच घडले. १९३६ साली स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटल्याने त्यांना बार्सिलोनाही सोडावे लागले. नेदरलँड्स या देशाने त्यांना आश्रय दिला. १९२९ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय मॉन्टेसरी संघाचे कार्यालयही १९३५ पासून ॲम्स्टरडॅम येथे होते. या संघाच्या प्रारंभीच्या पुरस्कर्त्यांमध्ये रवींद्रनाथ टागोर यांचा समावेश होता. १९३१ च्या ऑक्टोबरमध्ये गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेलेले महात्मा गांधी यांची आणि मॉन्टेसरी यांची तेथे भेट झाली होती. त्यामुळे भारत त्यांना अपरिचित नव्हता.

मद्रास आणि अड्यार

त्या वेळचे मद्रास शहर शिक्षणाच्या बाबतीत मागासलेले मुळीच नव्हते. आज साड्या आणि दागिन्यांच्या बाजारपेठेसाठी देशभर ओळखला जाणारा टी. नगर अर्थात त्यागराय नगर हा भाग तेव्हा नव्याने वसत होता. १९२० च्या दशकात माम्बलम येथील मोठ्या तळ्याची जमीन भरून ही वसाहत आखण्यात आली आणि जस्टिस पक्षाचे नेते सर पी. त्यागराय चेट्टी यांचे नाव तिला देण्यात आले. चेट्टी हे मद्रास महापालिकेचे अध्यक्ष असतानाच १९२० साली थाउजंड लाइट्स भागातील एका शाळेत मुलांना दुपारचे जेवण देण्याचा प्रयोग झाला होता. टी. नगरला लागून असलेल्या सैदापेट येथे शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालय होते. त्याचा प्रारंभ १८५६ सालच्या सरकारी नॉर्मल स्कूलपासून होतो आणि देशातील सर्वांत जुन्या अशा संस्थांत त्याची गणना होते. तेथून काही किलोमीटरवर, अड्यार नदीच्या पलीकडे थिऑसॉफिकल सोसायटीचे विस्तीर्ण आवार आहे.

या आवारात माडाच्या झावळ्यांनी शाकारलेल्या झोपड्यांमध्ये मॉन्टेसरी यांचा वर्ग भरला. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून सुमारे ३०० शिक्षक आले होते. मॉन्टेसरी इटालियन भाषेत बोलत आणि मारिओ त्याचे इंग्रजीत भाषांतर करीत. भाषांतराच्या या दुहेरी प्रवासातूनही वर्ग यशस्वी झाला, याचे मोठे श्रेय साधनांना द्यावे लागेल. मणी आणि ठोकळे यांना दुभाष्याची गरज नव्हती.

१० जून १९४० रोजी इटलीने युद्धात उडी घेतली आणि हिंदुस्थानातील इटालियन नागरिक एका रात्रीत शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. मारिओ यांना स्थानबद्ध करण्यात आले आणि वृद्ध मॉन्टेसरी यांच्या हालचालींवर निर्बंध आले. आयुष्याची पहिली पंधरा वर्षे दुरावलेला मुलगा परक्या देशात पुन्हा दुरावला. ३१ ऑगस्ट १९४० रोजी त्यांच्या सत्तराव्या वाढदिवशी व्हाइसरॉयने मारिओ यांची सुटका केल्याचे कळवले. या संदेशात मारिओ यांचा उल्लेख त्यांचा पुत्र असा करण्यात आला होता. तोपर्यंत बाहेरच्या जगात त्यांची ओळख भाचा किंवा दत्तक पुत्र अशी करून दिली जात असे. जे नाते आई चार दशके उघडपणे सांगू शकली नव्हती, ते एका सरकारी तारेने मान्य केले.

कोडाईकनालचा प्रयोग

१९४२ साली जपानी हल्ल्याच्या भीतीने मद्रासमधील हजारो लोकांनी शहर सोडले. मॉन्टेसरी मायलेकही कोडाईकनालच्या डोंगरात राहावयास गेले. येथे त्यांच्यासमोर केवळ बालवाडीच्या वयाची मुले नव्हती. निरनिराळ्या देशांची आणि वयांची मुले एकत्र आली होती. भोवती झरे, तळी, शेवाळ, कीटक आणि रानफुले होती. सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी काय शिकवावे, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी याच वातावरणात शोधले. त्यालाच पुढे विश्वशिक्षण असे नाव मिळाले.

या मांडणीत अभ्यासक्रम विषयांनी सुरू होत नाही, तो एका मोठ्या गोष्टीने सुरू होतो. विश्व आणि पृथ्वी कशी निर्माण झाली, जीवसृष्टी कशी अवतरली, माणूस केव्हा आला, लिपी कशी घडली आणि संख्या कशा जन्मल्या, अशा पाच कथा मुलांना सांगितल्या जातात. पहिली कथा सांगतानाच पाण्याचे बर्फ आणि वाफ होणे, जड द्रव तळाशी जाणे, यांसारखे साधे प्रयोग करून दाखवले जातात. पृथ्वीच्या वयाची कल्पना यावी म्हणून लांबच लांब काळी पट्टी उलगडली जाते आणि तिच्या टोकाशी मानवाच्या वाट्याला अगदी अरुंद रेघ येते. ही पट्टी भूगर्भशास्त्राचा पाठ आहे की गुणोत्तर आणि प्रमाणाचा, असे विचारल्यास दोन्ही उत्तरे बरोबर ठरतात. संख्यांच्या कथेतून मूल गणिताकडे जाते, तेव्हा गणित ही माणसाने गरजेपोटी घडवलेली वस्तू असल्याचे त्याला ठाऊक असते. भारतीय मुलांसाठी तर या कथेत शून्य आणि स्थानमूल्य यांच्या रूपाने स्वतःच्या भूमीचा वाटाही आहे.

या विचारांची व्याख्याने पुढे मद्रासमधूनच ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. १९४८ साली मानवी क्षमतांच्या शिक्षणावरील ग्रंथ आणि १९४९ साली ग्रहणशील मनाविषयीचा ग्रंथ निघाला. यांपैकी दुसऱ्या ग्रंथाचा आधार अहमदाबाद येथील व्याख्याने हा होता. मद्रासशिवाय अहमदाबाद, कराची, कोडाईकनाल आणि कोलंबो येथेही त्यांचे वर्ग झाले. १९४६ साली युरोपला परतल्यानंतर त्या १९४७ साली पुन्हा भारतात आल्या आणि त्यांनी अड्यार व अहमदाबाद येथे आणखी वर्ग घेतले.

महाराष्ट्रातील रूपांतर

मॉन्टेसरी भारतात येण्याच्या आधीच त्यांचा विचार येथे पोहोचला होता. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगर येथे बालमंदिर सुरू केले. १९२३ साली ताराबाई मोडक तेथे दाखल झाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली आणि १९३६ साली ताराबाईंनी दादर येथे शिशुविहार सुरू केला.

या अनुभवातून ताराबाईंना एक अडचण स्पष्ट दिसू लागली. परदेशी मापाची, सफाईदार लाकडी साधने महाग होती. रोममधील सर्वांत गरीब वस्तीत जन्मलेली पद्धत जगभर संपन्न कुटुंबांची मिरासदारी बनत चालली होती. १९४५ साली त्यांनी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. येथे मण्यांची जागा शिंपल्यांनी, बियांनी आणि खड्यांनी घेतली. मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच मुलांच्या अंगणात गेली. अंगणवाडी हा शब्द याच कामातून आला आणि १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे तो देशभर पोहोचला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही भरल्या. मूळ पद्धतीच्या काटेकोर अनुयायांना हे बदल कितपत मानवले असते, हा वेगळा प्रश्न आहे. परंतु साधन कोणत्या लाकडाचे आहे यापेक्षा ते मुलाच्या हाती पोहोचते की नाही, हे महत्त्वाचे असल्याचे ताराबाईंनी दाखवून दिले.

आक्षेप आणि मर्यादा

मॉन्टेसरी यांच्यावर टीकाही पुष्कळ झाली. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१४ साली त्यांच्या पद्धतीचे कठोर परीक्षण केले आणि अमेरिकेतील पहिली लाट त्यानंतर काही वर्षांत ओसरली. साधने ठरावीक पद्धतीनेच वापरण्याचा आग्रह कल्पनाशक्तीला वाव देत नाही, असा आक्षेप घेतला गेला. शिक्षक घडवणाऱ्या शिक्षकांना मान्यता देण्याचा अधिकार त्यांनी दीर्घकाळ स्वतःकडे ठेवला. त्यामुळे दर्जा टिकला, पण प्रसार मंदावला. दुसरीकडे, मॉन्टेसरी हे नाव मात्र कोणीही वापरू शकतो. परिणामी, चार रंगीत खुर्च्या मांडून ही पाटी लावणाऱ्या शाळा गल्लोगल्ली दिसतात. तेथील शिक्षिकेला पुरेसे प्रशिक्षण आणि पुरेसे वेतन मिळते का, याची चौकशी क्वचितच होते.

पद्धतीच्या परिणामांचा अभ्यासही झाला आहे. अमेरिकेतील मिलवॉकी शहरात सोडतीने प्रवेश मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांची तुलना करणारा अभ्यास २००६ साली सायन्स या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात मॉन्टेसरी शाळेतील पाच वर्षांच्या मुलांनी वाचन आणि गणित या दोन्हींत सरस कामगिरी केल्याचे आढळले. ही शाळा सरकारी होती आणि तेथील शिक्षक पूर्ण प्रशिक्षित होते, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे.

चेन्नईतील पडसाद

मॉन्टेसरी यांच्या निधनानंतर अर्ध्या शतकाने चेन्नईतच त्यांच्या विचारांना वेगळे वळण मिळाले. २००३ साली महापालिका आयुक्त एम. पी. विजयकुमार यांच्या पुढाकाराने शहरातील १३ महापालिका शाळांत कृतीवर आधारित शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला. आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅली येथील ग्रामीण शाळांचा अनुभव आणि मॉन्टेसरी साधने या दोहोंचा त्यास आधार होता. फळे जमिनीलगत आले, मुले गोल करून बसू लागली, शिक्षकही खाली बसले. गणितासाठी मणी आणि कार्डे वापरात आली. ज्या शहरात सोनेरी मणी एकेकाळी अड्यारच्या आवारात दिसले, त्याच शहराच्या महापालिका शाळांत मजुरांची मुले ते हाताळू लागली. २००७ पासून हा प्रयोग राज्यभरातील सरकारी प्राथमिक शाळांत नेण्यात आला.

या विस्तारानेच एक जुना धडा पुन्हा दिला. साहित्य ट्रकने पोहोचवता येते, पण ते वापरणारा शिक्षक तितक्या वेगाने घडत नाही. अनेक वर्गांत कार्डे पुढे सरकत राहिली आणि निरीक्षण मागे पडले, अशी टीका झाली. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२१ चे निपुण भारत अभियान आणि तमिळनाडूची २०२२ ची एण्णुम एळुत्तुम योजना या सर्वांत पायाभूत संख्याज्ञानावर भर आहे. त्या भराचे फळ कोणते मिळेल, हे शिक्षकांना दोन दिवसांचे भाषण मिळते की मॉन्टेसरी यांच्या वर्गाप्रमाणे हाताने करून पाहण्याचा पुरेसा अवधी मिळतो, यावर बरेच अवलंबून राहील.

अखेरचे दिवस

१९४९, १९५० आणि १९५१ अशी सलग तीन वर्षे मॉन्टेसरी यांचे नाव शांततेच्या नोबेल पारितोषिकासाठी सुचवले गेले. पारितोषिक मात्र त्यांना मिळाले नाही. ६ मे १९५२ रोजी नेदरलँड्समधील नोर्डवाइक या समुद्रकाठच्या गावी वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तेव्हा गोल्ड कोस्ट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घाना देशात जाऊन तेथील शिक्षकांसाठी वर्ग घेण्याचा विचार त्या अखेरपर्यंत करीत होत्या. त्यांच्या पश्चात मारिओ यांनी आंतरराष्ट्रीय संघाची धुरा १९८२ सालापर्यंत सांभाळली. १९७० साली त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने टपाल तिकीट काढले. इटलीने १९९० पासून आपल्या १००० लिरांच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले.

शिक्षिका व्हायचे नाही, असे मुलगी असताना ठरवलेल्या मारिया मॉन्टेसरी अखेरीस शिक्षकांच्याच शिक्षिका झाल्या. त्यांनी ज्यांना शिकवले, त्यांतील बहुतेकांची नावे इतिहासात नाहीत. परंतु अड्यारच्या झोपड्यांतून आपापल्या गावी परतलेल्या त्या शिक्षकांनी ज्या मुलांच्या तळहातावर एक हजार मण्यांचा घन ठेवला, त्यांच्यासाठी हजार ही संख्या पाठ करण्याची राहिली नाही. ती त्यांनी स्वतः उचलून पाहिली होती.